नऊशे नव्व्याण्णवचे कान

बीडच्या सुभाष रोडवर मोबाइलच्या एखाद्या दुकानासमोर पाच मिनिटं उभं राहा. गिऱ्हाईक डबी हातात घेतं, झाकण टक्‌कन उघडतं, टक्‌कन मिटतं आणि ठरलेला प्रश्न विचारतं, "दादा, बेस कसाय?"

"एक नंबर, भाऊ. डीजे बांधल्यावानी."

सौदा तिथंच पटतो. पंधरवड्यानं तोच भाऊ परत येतो तेव्हा तक्रार बेसची नसते. "गाणे मस्त वाजतेत हो, पण समोरच्याला माझा आवाजच जाईना."

स्वस्त वायरलेस बड्सची सगळी मेख इथं आहे. घेताना ते गाण्यासाठी घेतले जातात आणि वापरले जातात बोलण्यासाठी. ज्या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीचे कोयते पश्चिम महाराष्ट्राकडं आणि कर्नाटकाकडं निघतात, पोरं-पोरी शिकायला पुण्याला, संभाजीनगरला जातात, तिथं कानातल्या या यंत्राचं पहिलं काम म्हणजे फोन. म्हणून सातशे ते दीड हजारांच्या बड्सची परीक्षा आपण बीडच्या वाऱ्यात, धुळीत, एसटीत आणि हरिनाम सप्ताहात घेऊ. ब्लूटूथ नावाच्या डॅनिश राजाची गोष्ट एव्हाना शेंबड्या पोरालाही पाठ झालीय, ती वगळून.

पन्नास तासांतले तीस

खोक्यावर ठळक छापलेलं असतं, '५० तास'. हे तास एकट्या बड्सचे नव्हेत, डबीसकटचे. जरा हिशोब मांडू. एका बडमध्ये साधारण ४० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी, डबीत ४००ची. दोन बड्स मिळून ८०, म्हणजे कागदावर डबी त्यांना पाच वेळा भरते. डबीतून बडमध्ये जाताना काही वीज उष्णतेत उडते, त्यामुळे हाती चारच वेळा लागतात. एका भरण्यात सहा तास धरले तर पहिले सहा आणि नंतरचे चोवीस. झाले तीस. उरलेले वीस तास बारीक अक्षरात दडलेले असतात. आवाज निम्म्यावर, जास्तीच्या सगळ्या सोयी बंद, असा काहीतरी मजकूर तिथं सापडेल. भिंग घेऊन बसा.

फोनवर बोलत राहिलात तर माइक जागा असतो, आवाज साफ करणारी चिपही राबत असते. त्यामुळे सहा तास गाणी वाजवणारा बड बोलण्यात त्याच्या बराच आधी बसतो. खोक्यावर 'टॉकटाइम' वेगळा छापलेला असेल तर तो आकडा आधी वाचा. छापलेलाच नसेल तर का नसेल, ते ओळखा.

विजेच्या बिलाची काळजी मात्र सोडा. डबी आणि बड्स तळापासून भरायला सगळी गळती धरून अडीच वॉट-तास पुरतात. म्हणजे एका युनिटमध्ये चारशे वेळा. रोज रात्री न चुकता लावली तरी वर्षाला एक युनिट जळत नाही. परळीच्या औष्णिक केंद्रातला २५० मेगावॉटचा एक संच तासभर पूर्ण ताकदीनं चालला, तर तेवढ्यात दहा कोटी डब्या भरतील. २०११च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटी होती, यावरून अंदाज घ्या.

फोन उचलला की गाण्याचा पत्र्याचा डबा

गाणं झकास चालू असतं. फोन येतो, तुम्ही उचलता आणि समोरचा माणूस पत्र्याच्या डब्यातून बोलू लागतो. बड बिघडला नाही. ब्लूटूथला गाणं ऐकवायची वाट वेगळी आहे आणि बोलणं न्यायची वेगळी. गाण्याची वाट एकाच दिशेची, त्यामुळे ऐसपैस. बोलण्याच्या वाटेवर आवाज जातोही आणि येतोही, मग ती अरुंद होते. जुन्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, सुधारित पद्धतीत १६,०००. गाण्याच्या सीडीवर ते ४४,१०० असतात.

८,००० नमुन्यांत ४,००० हर्ट्झच्या वरचा आवाज बसतच नाही. नेमकी तिथंच 'स', 'श', 'फ' यांची धार असते. म्हणून फोनवर आडनावं सांगताना 'समोशातला स' म्हणावं लागतं. मोबाइलवर खेळ खेळताना माइक चालू केला की बंदुकीचा धडाका एकदम फुसका होतो, त्यामागंही हेच कारण. बहुतेक जण तेव्हा बड्सना शिव्या देतात.

आता खोक्यावरच्या दोन अक्षरजोडण्या. 'ईएनसी' आणि 'एएनसी'. एका अक्षराचा फरक, पण फायदा वेगवेगळ्या माणसांचा. ईएनसी तुमच्या माइकमधला गोंगाट गाळते, म्हणजे सुख समोरच्याला. एएनसी तुमच्या कानात शिरणारा गोंगाट मारते, म्हणजे सुख तुम्हाला. हजाराच्या आतल्या खोक्यावर बहुधा पहिलं असतं आणि घेणारा दुसरं समजून घेतो. काउंटरवरचा दादाही काही घाईघाईनं गैरसमज दूर करत नाही.

एएनसीची कल्पना वाटते तेवढी नवी नाही. आवाजाच्या लाटेला बरोबर उलटी लाट भिडवून दोन्ही मारायच्या, या युक्तीचं अमेरिकन पेटंट जर्मन संशोधक पॉल ल्यूग यांना १९३६ मध्येच मिळालं होतं. ते कानावर यायला मात्र निम्मं शतक गेलं. १९७८ मध्ये झ्युरिकहून बोस्टनला जाणाऱ्या विमानात 'बोस' कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना दिलेल्या हेडफोनमधून इंजिनाच्या घरघरीपुढं काही धड ऐकू येईना, तेव्हा त्यांनी तिथंच बसून गणित मांडायला घेतलं. वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात आला १९८९ मध्ये. अमर बोस यांचे वडील बंगालचे, इंग्रजांच्या ससेमिऱ्यातून निसटून अमेरिकेत पोचलेले क्रांतिकारक.

एएनसीला जमते ती सलग, खर्जातली घरघर. जागेवर उभ्या एसटीच्या डिझेल इंजिनाची घरघर ती छान गिळते. खिळखिळ्या खिडकीचा खडखडाट, कंडक्टरची घंटी, मागच्या सीटवरचं रडणारं पोर यांच्यापुढं ती हात टेकते, कारण हे आवाज अचानक येतात आणि उंच पट्टीतले असतात. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ला पुणे-नगर मार्गावर धावली. बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांनी, १ जून २०२२ला, त्याच मार्गावर विजेवरची 'शिवाई' धावली. त्या गाडीत इंजिनाची घरघरच नाही, म्हणजे महागड्या एएनसीचं निम्मं काम महामंडळानंच करून टाकलंय. बीड शहराला १७ सप्टेंबर २०२५ पासून अहिल्यानगरची रेल्वेही मिळाली. रुळांवरची संथ धडधड हे एएनसीचं आवडतं खाद्य.

पाटोद्याचा वारा

बालाघाटच्या माळावर ज्या वाऱ्यानं पवनचक्क्या फिरतात, तोच वारा बडवरच्या टाचणीच्या टोकाएवढ्या भोकात शिरतो. त्या भोकाच्या काठावर हवा घुसळते आणि माइकला ती आवाज म्हणून ऐकू येते. तोंडातून निघालेले शब्द त्याखाली गाडले जातात. 'क्वाड माइक' लिहिलेलं असलं तरी चारही माइक एकाच वाऱ्यात उभे.

दुकानातल्या पंख्याखाली ही परीक्षा होत नाही. दुकानाबाहेर या, वाऱ्याकडं तोंड करा, घरी फोन लावा आणि फक्त एवढंच विचारा, "काय ऐकू आलं?" घरचे लोक सौजन्य न ठेवता खरं सांगतात. मोबाइलमधल्या रेकॉर्डरवर स्वतःचा आवाज टिपून पाहणं हा उपाय भरवशाचा नाही. रेकॉर्डर अनेकदा फोनचाच माइक वापरतो आणि आपण बड्सवर खूश होऊन घरी जातो. मोटारसायकलवर ही परीक्षा घेऊ नका. मांजरसुंब्याच्या घाटात मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू येणं कुठल्याही फोनपेक्षा महत्त्वाचं आहे.

घरात ठणठणीत, रानात लंगडे

खोलीत दोन-दोन भिंती ओलांडून वाजणारे बड्स मोकळ्या रानात, खिशातल्या फोनपासून हातभरावर असताना अडखळतात. रेंज गेली, असं म्हणून माणूस आभाळाकडं बघतो. दोष आभाळाचा नसतो, आपल्या पोटाचा असतो.

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतं. मायक्रोवेव्ह ओव्हन अन्न तापवतो तेही त्याच पट्ट्यात. या लहरी पाण्यात जिरतात आणि माणसाच्या अंगात निम्म्याहून जास्त पाणी. पॅन्टच्या उजव्या खिशातला फोन आणि डावा कान यांच्यामधे तुमचं अख्खं धड आडवं येतं. खोलीत लहरी भिंतींवर, छतावर आपटून वळसा घालतात आणि कानापर्यंत पोचतात. रानात आपटायला काहीच नसतं. सरळ वाट अंगानं अडवलेली, वळशाची वाट नाही. मग आवाज तुटतो.

यावरचा इलाज फुकट आहे. फोन शर्टाच्या वरच्या खिशात ठेवा किंवा खिशाची बाजू बदलून बघा. स्वस्त जोड्यांत बऱ्याचदा एकच बड फोनशी बोलतो आणि दुसऱ्याला निरोप पोचवतो. तो मुख्य बड ज्या बाजूचा, त्या बाजूला फोन ठेवला की खोड निम्म्यानं जाते. उभ्या उसात तरीही त्रास होईलच. ओलं पान म्हणजेही पाणीच.

माळवदाच्या जुन्या घरात वेगळीच गंमत. पांढऱ्या मातीची हात-दीड हात जाडीची भिंत लहरींना दमवते, त्यामुळे फोन ढाळजेत आणि माणूस आतल्या खोलीत असला की गाणं खुंटतं. पत्र्याच्या शेडमधे आत सगळं मजेत, दाराबाहेर पाऊल टाकलं की शांतता.

मग महाशिवरात्रीला परळीत वैद्यनाथाच्या दारी खच्चून गर्दी असते, शेकडो लोकांच्या कानात ब्लूटूथ, तरी एकाचं भजन दुसऱ्याच्या कानात का शिरत नाही? कारण फोन आणि बड्स एका जागी थांबतच नाहीत. ७९ वाटांवरून ते सेकंदाला १,६०० वेळा उड्या मारतात आणि उड्यांचा क्रम फक्त त्या जोडीलाच माहीत असतो. अशा उड्या मारणाऱ्या रेडिओचं एक पेटंट ऑगस्ट १९४२ मध्ये हॉलिवूडची नटी हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांच्या नावे निघालं. शत्रूला टॉर्पेडोचे रेडिओ-हुकूम अडवता येऊ नयेत म्हणून त्यांनी ८८ वाटा योजल्या होत्या, कारण पियानोच्या पट्ट्या ८८ असतात. तिनं ब्लूटूथच शोधलं, असं जे फॉरवर्ड फिरतं ते जरा जास्तच झालं. उड्यांची कल्पना मात्र तिच्या पेटंटात आहे.

खरी कसोटी सप्ताहाची

बेस बघायला लोक डीजेचं गाणं लावतात. चुकीची निवड. डीजेच्या गाण्यात आधीच इतका बेस असतो की कुठलाही बड पास होतो. बड पारखायचा असेल तर कीर्तनाचं चांगलं रेकॉर्डिंग लावा. बीड जिल्ह्यात ते शोधावं लागत नाही, नारायणगडापासून गहिनीनाथगडापर्यंत कुणाच्याही मोबाइलमधे निघेल. एकाच वेळी त्यात चार अवघड गोष्टी असतात. बुवांचा आवाज, पखवाज, टाळ आणि पेटी.

आधी पखवाज. त्याच्या डाव्या पुडीला भिजवलेली कणीक थापतात, म्हणून तिचा नाद खोल आणि गोल येतो. उजवीकडं शाई, तिचा नाद टणक आणि नेमका. चांगल्या बडमधे डावी थाप संपल्यावर किंचित घुमून विरते आणि उजवीचा बोल वेगळा उठतो. वाईट बडमधे दोन्ही मिळून नुसता धबधब.

मग टाळ. स्वस्त बड्सचा खरा रंग इथं उघडा पडतो. ब्लूटूथवरून पाठवताना गाणं दाबून लहान केलं जातं. सगळ्यात साधी पद्धत 'एसबीसी'. ती प्रत्येक बडला येते आणि फोनशी दुसरं काही जुळलं नाही की तीच वापरली जाते. दाबताना पहिला मार बसतो उंच पट्टीतल्या, बारीक किणकिणणाऱ्या आवाजांना. पन्नास टाळकरी एकत्र वाजवू लागले की एकेका टाळाची किणकिण हरवते आणि तेल तापल्यासारखी चर्र ऐकू येते. चर्र ऐकू आली की समजा, त्या बडची मजल तेवढीच.

सगळ्यात महत्त्वाचे बुवांचे शब्द. या किमतीचे बहुतेक बड्स खर्ज आणि उंच पट्टी वर उचलून, मधला भाग खाली दाबून जुळवलेले असतात, कारण दुकानातल्या दहा सेकंदांत असा आवाज 'भारी' वाटतो. माणसाच्या बोलण्यातला स्पष्टपणा मुख्यतः १,००० ते ४,००० हर्ट्झमधे राहतो, म्हणजे नेमका दाबलेल्या भागात. परिणाम असा की पखवाज छातीत वाजतो आणि दृष्टांत काय होता ते कळत नाही. पोलीस भरती किंवा एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या पोरांना तर हे दुप्पट जाचतं. अभ्यासिकेत बसून दीडपट वेगानं लेक्चर ऐकताना मास्तर आधीच घाईत असतात.

यावर फोनच्या सेटिंगमधे इक्वलायझर असतो. डावीकडचे दांडे दोन खुट्ट्या खाली, मधले दोन वर. एवढं केलं की नऊशेच्या बडमधला बुवा स्पष्ट बोलू लागतो. माझं मत विचाराल तर ही दोन मिनिटांची मेहनत पुढच्या दीड हजारांच्या मॉडेलपेक्षा जास्त फरक पाडते.

अडुसष्ट मीटर मागून

साध्या ब्लूटूथवर आवाज कानात पोचायला २०० मिलिसेकंद सहज लागतात. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे ही दिरंगाई मंडपात बुवांपासून ६८ मीटर मागं बसून, लाउडस्पीकरशिवाय ऐकण्याइतकी झाली. व्हिडिओ बघताना ती जाणवत नाही, कारण बहुतेक ॲप चित्र मुद्दाम तेवढं उशिरा दाखवतात. खेळात चित्र थांबवून ठेवता येत नाही, म्हणून तिथं गोळी आधी लागते आणि आवाज नंतर येतो. दिरंगाई तपासायची तर व्हिडिओ लावू नका. फोनच्या कीबोर्डचा टिकटिक आवाज चालू करा आणि टाइप करून बघा.

मोराचा आवाज, खोक्यावरचा आकडा

'२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ' हे प्रत्येक खोक्यावर असतं. हा माणसाच्या कानाचा पल्ला आहे, बडचा पराक्रम नव्हे. त्या पल्ल्यात कुठला आवाज किती चढतो-उतरतो हे छापल्याशिवाय तो आकडा कोरा. पाटोदा तालुक्यातल्या नायगावच्या अभयारण्यात मोर पिसारा थरथरवतो तेव्हा २० हर्ट्झच्या खालचा, माणसाला ऐकूच न येणारा आवाज काढतो, असं मोरांवरच्या अभ्यासात दिसलंय. लांडोरीला तो कळतो. तेव्हा बेसमधे मोराशी बरोबरी करायला जाऊ नये.

'१३ मिमी ड्रायव्हर' हाही तसाच मोठेपणा. माणसाच्या कानाची नळी जेमतेम सात-आठ मिलिमीटर रुंद असते. तेरा मिलिमीटरची तबकडी आत शिरणार कशी? ती बाहेरच बसते. बेस ठरतो तो रबरी टोपी कानात किती घट्ट बसली यावर. खोक्यात लहान, मधली, मोठी अशा तीन जोड्या येतात आणि बहुतेक घरांत दोन जोड्या पहिल्याच दिवशी झाडून टाकल्या जातात. पुष्कळांचा डावा आणि उजवा कान एका मापाचा नसतो, तेव्हा एका बाजूला मधली आणि दुसऱ्या बाजूला मोठी टोपी घालायला लाजू नये.

टोपी घट्ट बसली आहे का, हे कळायला भाजके शेंगदाणे चावा. स्वतःच्या दातांचा कडकडाट एकदम मोठा ऐकू आला तर कान नीट बंद झालाय. हाडातून आत गेलेला आवाज बाहेर पडायची वाट बंद झाल्यानं तो आतच घुमतो. बोलताना स्वतःचा आवाज बंद खोलीतला वाटतो, तोही याचमुळे.

काळी माती, लोखंडी कण

'आयपीएक्स४' म्हणजे पाण्याचे शिंतोडे चालतात. 'आयपीएक्स७' म्हणजे एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास तग. यातला 'एक्स' मात्र कुणी वाचत नाही. पहिली जागा धुळीची असते आणि तिथं 'एक्स' असेल तर धुळीची परीक्षा जाहीरच केलेली नाही. बीडच्या उन्हाळ्यात शिंतोडे कमी आणि फुफाटा जास्त. 'आयपी५५' असं दोन्ही आकड्यांचं खोकं मिळालं तर ते उचला. आणि हे रेटिंग बड्सचं असतं, डबीचं क्वचितच. धुणं धुताना खिशात राहिलेली डबी 'वॉटरप्रूफ' नव्हती, हे त्यानंतर कळतं.

बडच्या आत लोहचुंबक, डबीच्या खळग्यातही लोहचुंबक, त्यामुळंच बड आपोआप टचकन बसतो. आपली काळी माती बेसाल्टच्या खडकाची झीज होऊन झालेली आणि त्या खडकात मॅग्नेटाइट नावाचं लोखंडाचं खनिज असतं. लहानपणी चुंबक मातीतून फिरवून काळ्या कणांच्या मिशा जमवल्या असतील, ते कण हेच. बड बांधावर पडला की हीच पूड त्याच्या जाळीला चिकटते आणि फुंकर मारून जात नाही, कारण चुंबकानं धरलेली असते. परळीच्या औष्णिक केंद्राच्या राखेतही असे चुंबकाला चिकटणारे कण सापडतात. चिकटपट्टीचा तुकडा जाळीवर हलकेच दाबून उचलला की बरीचशी पूड निघते. टाचणी खुपसू नका, जाळीमागंच पडदा आहे.

घामाचं प्रकरण वेगळं. पोलीस भरतीसाठी मैदानावर मुलं १,६०० मीटर आणि मुली ८०० मीटर पळायचा सराव करतात. बडचं वजन चारेक ग्रॅम, ते पळताना पडतंच असं नाही. पण घामातलं मीठ चार्जिंगच्या सोनेरी ठिपक्यांवर वाळतं, थर बसतो आणि एके दिवशी डावा बड चार्जच होत नाही. मैदानावरून आल्यावर कोरड्या सुती फडक्यानं ते ठिपके पुसून मगच डबीत ठेवा. 'डावा मेला' म्हणून आणलेल्या कित्येक जोड्या एवढ्यावर उठून बसतात.

एका बाजूचा आवाज बारीक झाला असेल तर पहिला संशयित कानातला मळ. मळ ओला की कोरडा, हे एबीसीसी११ नावाचं जनुक ठरवतं. पूर्व आशियात कोरडा मळ जास्त आढळतो, आपल्याकडं दोन्ही प्रकार. ओल्या मळाच्या माणसानं जाळी थोडी जास्त वेळा, मऊ कोरड्या ब्रशनं झाडावी. आणि बड्स कुणाला 'जरा दे रे' म्हणून देऊ नयेत, हे तर आलंच.

चार्जर धरत नाही?

दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली नवी वायर लावली तर काही स्वस्त डब्या चार्जच होत नाहीत. जुनी, चपट्या यूएसबीची वायर लावली की लगेच दिवा लागतो. काही पैशांची बचत करताना डबीतून दोन छोटे रोधक वगळलेले असतात. ते नसले की नव्या चार्जरला पलीकडं कुणी आहे हेच कळत नाही आणि तो वीज सोडत नाही. डबी परत करण्याआधी वायर बदलून बघा.

ऊसतोडीच्या कोपीवर पॉवर बँकेचा आधार असतो, तिथं दुसरी खोड. डबी इतकी कमी वीज ओढते की काही पॉवर बँकांना वाटतं कामच संपलं, आणि त्या आपोआप झोपतात. सकाळी फडावर निघताना डबी अर्धीच. त्याच पॉवर बँकेला जोडीनं फोनही लावला तर ती जागी राहते.

मे महिन्यात डबी ट्रॅक्टरच्या बोनेटवर किंवा गाडीच्या काचेमागं ठेवू नका. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते आणि बीडला सावलीतच पारा चाळिशी ओलांडतो.

आवाजाची उधारी

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा: ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ठीक. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८३ला वीस तास, ८६ला दहा, ८९ला पाच. बहुतेक माणसं आवाज वाढवतात ते भोवतीच्या गोंगाटावर मात करायला, म्हणजे एसटीत आणि बाजारात. टोपी घट्ट बसली की गोंगाट कमी शिरतो आणि आवाज खालीच पुरतो. बड काढल्यावरही कानात शिट्टी वाजत राहत असेल तर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात नाक-कान-घसा विभाग आहे, दुकानदाराकडं जाऊन उपयोग नाही.

वायरीची एक गोष्ट मात्र राहिली

वायरलेस बड्सवर बीड आकाशवाणीचं एफएम लागत नाही. फोनमधल्या एफएमला अँटेना लागते आणि वायरीच्या इअरफोनची वायरच ती अँटेना असते. एफएमच्या लहरींची लांबी तीनेक मीटर, तिचा चौथा हिस्सा पाऊण मीटर. इअरफोनची वायर तेवढी सहज भरते. म्हणून शेळ्या राखणाऱ्या आजोबांच्या कानातली गाठी मारलेली पांढरी वायर बघून हसू नका. त्यांना बातम्या लागतात, तुमच्या बड्सना नाही.

घेताना

'एमआरपी ४,९९०, आपल्याला ८९९' हे ऐकून खूश होऊ नका, ती सूट सगळ्यांनाच आहे. खोकं उलटं करा. 'आर'नं सुरू होणारा भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक, बनवल्याचा महिना, कुठल्या देशात बनवलं, तक्रारीचा फोन नंबर, हे छापलेलं असायला हवं. तो 'आर' क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपमधे टाकला की कुणाच्या नावावर आहे ते तिथंच उभ्या उभ्या दिसतं. पक्कं बिल घ्या. 'बिलाचं काय करता मामा, मी आहे ना,' असं म्हणणारा दादा सहा महिन्यांनी दुसऱ्या दुकानात कामाला असतो.

आणि हरवलेल्या बडची युक्ती. एक बड रानात पडला, डबीबाहेर असला आणि त्यात जीव असला, तर रात्री सामसूम झाल्यावर फोनवर उंच शिट्टीचा आवाज पूर्ण ताकदीनं लावून हळूहळू चालत जा. दहाएक मीटरवर आलात की फोन आपोआप जोडला जाईल आणि गवतातून चिवचिव ऐकू येईल. डबी हरवली तर ही युक्ती चालत नाही. स्वस्त डबीत ब्लूटूथ नसतंच, ते फक्त बड्समधे असतं, आणि बड्स आत गेले की तेही झोपतात. त्यामुळे डबीच्या तळाला आपला मोबाइल नंबर चिकटवून ठेवायचा. ज्याला सापडली त्यानं फोन केला तर तो तुम्ही नुसत्या फोनवरच उचलणार आहात, तेव्हा आवाज तरी नीट जाईल.